डफी : तांबड्या पेशीवरचे प्रथिन आणि एकाआड दिवसाचा ताप

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या लालबागेत राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या तांबड्या रक्तपेशींवर डफी नावाचे एक प्रथिन असते. घाना किंवा नायजेरियात राहणाऱ्या बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर ते नसते. ते नसल्यामुळे तिथे कुणी आजारी पडत नाही. पण 'प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स' हा हिवतापाचा परजीवी वाहणारा डास दोघांनाही चावला, तर लालबागेतला माणूस तापाने फणफणण्याची पुरेपूर शक्यता असते आणि घानातल्या माणसाला सहसा काही होत नाही. आफ्रिकेत हिवतापाने आजही दरवर्षी लाखो मुले दगावतात, पण तो हिवताप बहुतांशी दुसऱ्या परजीवीचा, फाल्सिपॅरमचा. व्हायव्हॅक्सला पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत फारसा थारा मिळालेला नाही. आपल्याकडे मात्र निमाड, खानदेश, मुंबई, गोवा अशा सगळीकडे तो पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे.

हुडहुडी भरते, तीन-चार गोधड्या घातल्या तरी थंडी जात नाही, मग अंग तापते, मग दरदरून घाम येतो आणि माणूस गळून जातो. दुसरा दिवस बरा जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाऊस ओसरल्यावर येणारा हा एकाआड दिवसाचा ताप आपल्या आजी-आजोबांनाही चांगला माहीत होता. तो नेमक्या कोणत्या रेणूला धरून आपल्या रक्तात शिरतो, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या शोधात एका मराठी आडनावाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे, म्हणूनही ही हकिकत मराठी वाचकापर्यंत नीट पोचायला हवी.

केमोकाइन आणि त्यांचे ग्राही

डफी हे प्रथिन शरीरात हिवतापासाठी आलेले नाही. ते केमोकाइन नावाच्या संदेशवाहक रेणूंना धरणारे ग्राही प्रथिन, म्हणजे रिसेप्टर आहे. त्यामुळे आधी केमोकाइनचे काम पाहू.

पायात काटा मोडला किंवा फुप्फुसात जंतू शिरला, की तिथल्या पेशी लहान लहान प्रथिने सोडू लागतात. हीच केमोकाइन. माणसाच्या शरीरात ती पन्नासच्या आसपास प्रकारची आहेत. जखमेपाशी त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त आणि दूर जावे तसे कमी होत गेलेले. सांडलेल्या गुळाचा माग काढत मुंग्या याव्यात, तशा पांढऱ्या पेशी या कमी-जास्त प्रमाणाचा अंदाज घेत रक्तवाहिनीतून बाहेर पडतात आणि नेमक्या जखमेवर पोचतात. गर्भ वाढत असताना पेशींनी आपापल्या जागी जाणे, अस्थिमज्जेत मूळपेशींनी टिकून राहणे, लसीकापिंडांत पांढऱ्या पेशींनी एकत्र येणे, ही कामेही याच रेणूंच्या आधाराने होतात.

पांढऱ्या पेशीला केमोकाइन ओळखता येते ते तिच्या पटलातल्या ग्राहींमुळे. असे सुमारे वीस प्रकारचे ग्राही माणसात आहेत आणि सगळ्यांची घडण एकाच नमुन्याची आहे. अमिनो आम्लांची एक लांब साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. तिचे एक टोक पेशीबाहेर राहते आणि केमोकाइनला पकडते. दुसरे टोक पेशीच्या आत असते. बाहेर केमोकाइन अडकले की साखळीची ठेवण किंचित बदलते, आतले जी-प्रथिन जागे होते आणि पेशी त्या दिशेने सरकू लागते.

ही यंत्रणा अति झाली तरी आजार आणि बिघडली तरी आजार. संधिवातात सांध्यांत आणि दम्यात श्वासनलिकांत पांढऱ्या पेशींची नको तितकी गर्दी होते, तिला केमोकाइन कारणीभूत असतात. उलट सीएक्ससीआर-४ या ग्राहीत जन्मजात बिघाड असेल तर पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतच अडकून राहतात आणि मुलाला वारंवार जंतुसंसर्ग होतो. याच ग्राहीला तात्पुरते अडवणारे प्लेरिक्साफोर हे औषध २००८पासून वापरात आहे. ते दिले की मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरतात आणि प्रत्यारोपणासाठी गोळा करता येतात.

पेशीच्या बाहेर डोकावणारे हे ग्राही शरीराच्या उपयोगाचे असल्याने शरीर ते सहजासहजी टाकून देऊ शकत नाही. जंतूंनी नेमका याचाच फायदा उठवला.

एचआयव्हीचा धडा

सर्वांत गाजलेले उदाहरण एचआयव्हीचे. हा विषाणू पांढऱ्या पेशीवरच्या सीडी-४ या प्रथिनाला चिकटतो, हे १९८४मध्येच कळले होते. पण तेवढ्याने तो आत शिरत नव्हता, आणखी काहीतरी लागत होते. १९९५च्या अखेरीस रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की तीन केमोकाइन एचआयव्हीला अडवतात. त्यावरून सुगावा लागला आणि १९९६च्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी जाहीर केले की सीडी-४च्या जोडीला विषाणूला सीसीआर-५ हा केमोकाइन ग्राही लागतो. काही विषाणू त्याऐवजी सीएक्ससीआर-४ वापरतात.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट उघड झाली. युरोपीय वंशाच्या साधारण शंभरातल्या एका माणसात सीसीआर-५च्या जनुकाच्या दोन्ही प्रतींमधून ३२ अक्षरे गळालेली असतात. त्यांच्या पेशींवर हे प्रथिन येतच नाही आणि वारंवार संपर्क येऊनही त्यांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. भारतात हा बदल अत्यंत विरळ आहे. आपल्याकडे पसरलेला एचआयव्हीचा 'सी' उपप्रकार तर प्रामुख्याने सीसीआर-५चाच वापर करतो. पुण्याच्या भोसरीत १९९२मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू केली, ती देशात ही साथ वाढत असताना. निसर्गाने दिलेले कवच इथे नव्हते. चाचण्या, निरोध, सुरक्षित रक्त आणि औषधे यांच्या बळावरच ही साथ रोखावी लागली.

बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताचा कर्करोग आणि एचआयव्ही दोन्ही होते. डॉ. गेरो ह्यूटर यांनी सीसीआर-५ नसलेला दाता शोधून २००७मध्ये त्यांच्यावर मूळपेशींचे प्रत्यारोपण केले. ब्राउन एचआयव्हीतून पूर्ण बरे झाले. २०२०मध्ये कर्करोग उलटल्याने त्यांचे निधन झाले, तोवर विषाणू परतला नव्हता. सीसीआर-५ला अडवणारे माराव्हिरॉक हे औषधही २००७मध्ये मान्य झाले. पण २०१८मध्ये चीनमध्ये हे च्यान्ख्वे नावाच्या संशोधकाने भ्रूणावस्थेतच हे जनुक कापण्याचा प्रयोग केला, तेव्हा जगभरातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला आणि त्याला तुरुंगवास झाला. सीसीआर-५ नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा आजार अधिक तीव्रतेने होतो, हे आधीच माहीत झालेले होते. एका रोगापासून सुटका देणारी उणीव दुसऱ्या रोगात महागात पडू शकते.

लंडनमधला रुग्ण, न्यूयॉर्कमधले रक्त

डफीची हकिकत याहून जुनी आहे. १९५०मध्ये लंडनमध्ये मारी कटबुश, पॅट्रिक मॉलिसन आणि डोरोथी पार्किन यांना हिमोफिलियाच्या एका रुग्णाच्या रक्तात अनोखी प्रतिपिंडे सापडली. वारंवार रक्त घ्यावे लागल्यामुळे ती तयार झाली होती. त्या रुग्णाच्या आडनावावरून नव्या रक्तगटाला डफी हे नाव मिळाले. ए-बी-ओ आणि आर-एच यांच्याप्रमाणेच ही तांबड्या पेशीवरची आणखी एक खूण. तिचे डफी-ए आणि डफी-बी असे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांच्यात फरक आहे तो फक्त एका अमिनो आम्लाचा, साखळीतल्या ४२व्या जागेवरचा.

१९५५मध्ये रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस यांच्या गटाने न्यूयॉर्कमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत डफी-ए आणि डफी-बी दोन्ही आढळले नाहीत. आफ्रिकी वंशाच्या लोकांना व्हायव्हॅक्स सहसा बाधत नाही, हे डॉक्टरांना त्याआधीपासून ठाऊक होते. ही दोन निरीक्षणे वीस वर्षे वेगवेगळ्या शाखांत पडून राहिली, एक रक्तगटवाल्यांकडे आणि एक हिवतापवाल्यांकडे.

ती जोडली अमेरिकेतल्या लुई मिलर यांनी. व्हायव्हॅक्स प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही. म्हणून मिलर यांनी माकडांमधला प्लाझ्मोडियम नोलेसी घेतला. या परजीवीचा अभ्यास १९३२मध्ये कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रॉबर्ट नोल्स आणि बी. एम. दासगुप्ता यांनी केला होता आणि त्याला नावही नोल्स यांचेच मिळाले. १९७५मध्ये मिलर यांना दिसले की नोलेसी डफी असलेल्या मानवी पेशींत शिरतो आणि डफी नसलेल्या पेशींच्या बाहेरच थांबतो. पुढच्या वर्षी त्यांनी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्हायव्हॅक्सचे डास चावूनही ज्या पाच जणांना ताप आला नाही, त्या पाचही जणांच्या पेशींवर डफी नव्हते. डफी असलेले बाकी सगळे आजारी पडले.

कोडे उलगडले

डफीमुळे परजीवी आत येतो हे ठरले, पण डफी तिथे करते काय, याचे उत्तर आणखी सतरा वर्षांनी अनपेक्षित दिशेने आले. १९९०च्या सुमारास संशोधक इंटरल्युकिन-८ या केमोकाइनचा अभ्यास करत होते. रक्तात मिसळले की त्याचा मोठा हिस्सा तांबड्या पेशी शोषून घेतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तांबड्या पेशी कुठे चालत जात नाहीत, जंतूंशी लढत नाहीत. त्यांना केमोकाइनचा ग्राही कशासाठी? शिवाय सगळ्यांच्या तांबड्या पेशी हे करत नव्हत्या. आफ्रिकी वंशाच्या अनेकांच्या पेशी इंटरल्युकिन-८ला हातही लावत नव्हत्या. ज्यांच्या पेशींवर डफी नाही, तेच हे लोक होते.

१९९३मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात रिचर्ड होरुक, चेतन चिटणीस, लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डफी रक्तगट म्हणजेच तांबड्या पेशीवरचा केमोकाइन ग्राही. त्यांनी तांबड्या पेशींवर आधी केमोकाइन बसवून पाहिले. जागा अडली आणि नोलेसीचा शिरकाव थांबला. परजीवी आणि केमोकाइन दोघांनाही डफीचा जवळपास तोच भाग हवा असतो, हे त्यातून सिद्ध झाले.

चेतन चिटणीस मूळचे भौतिकशास्त्राचे. आयआयटी मुंबईत शिकून ते अमेरिकेत गेले, बर्कलीला पीएचडी केली आणि मग मिलर यांच्या प्रयोगशाळेत हिवतापाकडे वळले. १९९४मध्ये त्यांनी मिलर यांच्यासह पुढचा टप्पा गाठला. डफीला धरण्यासाठी व्हायव्हॅक्सकडे स्वतःचे एक मोठे प्रथिन असते. त्याचे निरनिराळे तुकडे दुसऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर आणून, कोणत्या तुकड्याभोवती तांबड्या पेशी गोळा होतात, हे त्यांनी तपासले. एकाच भागाभोवती पेशींचे कडे जमले. परजीवीची पकड त्या भागात होती आणि लसीचे लक्ष्यही तोच भाग ठरला.

नंतर चिटणीस भारतात परतले आणि नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात त्यांनी हिवताप संशोधनाचा गट उभा केला. नोलेसीच्या या पकडीची त्रिमितीय रचना याच केंद्रात उलगडली आणि २००६मध्ये ती 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. चिटणीस यांना २००४मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

बोलत नाही, पण कामाचे

डफीला आज शास्त्रीय भाषेत एसीकेआर-१ म्हणतात. ३३६ अमिनो आम्लांची ही साखळी इतर केमोकाइन ग्राहींसारखीच सात वेळा पटलातून आरपार जाते. पण केमोकाइन अडकले तरी आतले जी-प्रथिन जागे होत नाही, कारण त्यासाठी लागणारा साखळीतला छोटा भाग डफीत नाही. ते केमोकाइन पकडते आणि पेशीला कुठलाही हुकूम देत नाही. बहुतेक ग्राही मोजकीच केमोकाइन ओळखतात, डफी मात्र दोन्ही मोठ्या कुळांतली अनेक केमोकाइन धरते.

तांबड्या पेशींवर त्याचा उपयोग साठ्यासारखा होतो. रक्तात केमोकाइनचा लोंढा आला तर ती शोषून घेतली जातात आणि रक्तातच पांढऱ्या पेशी उगाच चेतवल्या जात नाहीत. प्रमाण उतरले की थोडी थोडी सुटतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचे डफी वेगळे काम करते. केशवाहिन्यांपुढच्या बारीक शिरांत ते ऊतींकडची केमोकाइन उचलून अस्तरापलीकडे रक्ताच्या बाजूला नेऊन मांडते. ती तिथे दिसली की वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी थांबतात आणि बाहेर पडतात.

आता आफ्रिकेतल्या बदलाकडे पुन्हा पाहू. १९९५मध्ये उघड झाले की डफी नसलेल्या माणसांत डफीचे प्रथिन बनवणारा जनुकाचा भाग शाबूत असतो. बदल असतो त्याच्या आधीच्या नियंत्रक भागात, आणि तोही एकाच अक्षराचा. तांबड्या पेशी घडताना जीएटीए-१ हे प्रथिन जिथे बसून जनुक सुरू करते, ती जागा त्या एका अक्षराने बिघडते. परिणामी तांबड्या पेशींवर डफी येत नाही आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर मात्र नेहमीसारखे येते. परजीवीला हवे ते गेले आणि शरीराला लागणारे बरेचसे राहिले. हजारो वर्षांच्या निवडीत हा बदल पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत जवळजवळ सर्वांपर्यंत का पोचला, ते यावरून समजते.

त्यालाही थोडी किंमत आहे. या लोकांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा कमी दिसते. त्यामुळे जंतुसंसर्ग वाढत नाही, पण अहवाल पाहून डॉक्टर घाबरतात आणि कर्करोगाच्या औषधांची मात्रा विनाकारण कमी केली जाते. आता अशा वेळी डफी तपासून पाहण्याचा आग्रह धरला जात आहे.

दख्खन, हबशी आणि आपण

बऱ्हाणपूर ही मोगलांची दख्खनमधली मुख्य छावणी. तिथून चालणाऱ्या मोहिमांना वर्षानुवर्षे झुंजवणारा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. त्याच्यासारखे हजारो आफ्रिकी लोक सैनिक, गुलाम आणि खलाशी म्हणून पश्चिम भारतात आले. जंजिऱ्याचे सिद्दी, गुजरात आणि उत्तर कर्नाटकातले सिद्दी ही त्यांचीच वंशावळ. सिद्दी समाजात डफी नसण्याचा हा आफ्रिकी बदल आजही आढळतो. एरवी भारतात तो जवळजवळ नाही.

सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेलचा बदलही हिवतापाच्याच दबावाखाली टिकला, पण तो फाल्सिपॅरमच्या गंभीर आजारापासून वाचवतो, व्हायव्हॅक्सपासून नाही. शिवाय त्याची किंमत जबर आहे. दोन्ही पालकांकडून तो आला तर मूल आयुष्यभर वेदना सोसते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाली.

भारतातल्या बहुतेकांत डफी-ए हा प्रकार असतो. व्हायव्हॅक्सची पकड डफी-एवर डफी-बीपेक्षा सैल बसते, असे २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. पण सैल पकडही आत शिरायला पुरते, म्हणूनच जगातल्या व्हायव्हॅक्स रुग्णांत भारताचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या बाजूला २०१०मध्ये मादागास्करात डफी नसलेल्या माणसांतही व्हायव्हॅक्सचा ताप आढळला. परजीवी बदलत राहतो. वंशपरंपरेने मिळालेल्या कवचावर आफ्रिकेनेही पूर्ण विसंबून राहू नये, असा त्याचा अर्थ.

व्हायव्हॅक्स चिवट का?

डासाच्या चाव्यातून आलेले परजीवी आधी यकृतात जातात, तिथे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. रक्तात उतरलेला परजीवी तांबड्या पेशीला चिकटतो, आपले निमुळते टोक तिच्यावर टेकवतो, डफीला धरून घट्ट सांधा जुळवतो आणि मिनिटभरात आत शिरतो. डफी नसेल तर तो चिकटतो, टोकही टेकवतो, पण सांधा जुळत नाही.

त्याला तांबड्या पेशीही कोवळ्या लागतात. नुकत्याच मज्जेतून आलेल्या अशा पेशी रक्तात शंभरात एक-दोनच असतात. २०१८मध्ये याचेही कारण सापडले. डफीखेरीज व्हायव्हॅक्सला ट्रान्सफेरिनचा ग्राही लागतो आणि पेशी जून झाली की तो गळून जातो. यामुळे व्हायव्हॅक्सच्या रुग्णाच्या रक्तात परजीवींची संख्या कमी राहते आणि काचपट्टीवर ते शोधायला नजर तयार असावी लागते. मात्र कमी संख्येवर जाऊन या आजाराला सौम्य म्हणणे चुकीचे आहे. वारंवारच्या तापाने रक्त कमी होते, पाणथरी वाढते, गरोदर बाईचे बाळ कमी वजनाचे जन्मते.

सर्वांत मोठी अडचण यकृतात आहे. काही परजीवी तिथेच निद्रिस्त राहतात. रक्तातला ताप गोळ्यांनी उतरतो, माणूस कामाला लागतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नवा डास न चावताही ताप परततो. रुग्णाला वाटते पुन्हा लागण झाली. प्रत्यक्षात ती जुनीच लागण असते. डासाला लागण करणारी परजीवीची अवस्थाही व्हायव्हॅक्समध्ये लवकर तयार होते, अनेकदा रुग्ण दवाखान्यात जाण्याआधीच. त्यामुळे परतणारा प्रत्येक ताप शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत पोचण्याची शक्यता घेऊन येतो.

डफीच्या वाटेवर लस

परजीवीची पकड कुठे आहे हे कळल्यावर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणे ही स्वाभाविक कल्पना. चिटणीस यांच्या गटाने पकडीचा तो भाग जिवाणूंमध्ये तयार करून शुद्ध केला आणि भारतात निरोगी स्वयंसेवकांवर त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. लस सुरक्षित ठरली आणि प्रतिपिंडे तयार झाली. त्याच भागावर आधारलेल्या लसीची पुढची चाचणी ऑक्सफर्डमध्ये झाली. तिथे लस दिलेल्या स्वयंसेवकांना मुद्दाम व्हायव्हॅक्सची लागण करून पाहण्यात आली. योग्य अंतराने मात्रा दिलेल्या गटात परजीवींच्या वाढीचा वेग सुमारे निम्म्यावर आला. हे २०२३मध्ये जाहीर झाले.

निम्मा वेग म्हणजे ताप टळला असे नव्हे. पण रक्तातल्या व्हायव्हॅक्सला लसीने अडवता येते, याचा तो भक्कम पुरावा आहे. डफीला स्वतःला अडवणारे औषध देण्यापेक्षा परजीवीच्या पकडीवर घाव घालणे शहाणपणाचे, कारण डफी आपल्या कामाचे आहे आणि ती पकड फक्त परजीवीच्या कामाची.

रक्तपेढीत डफी

डफीचा संबंध हिवतापापुरता नाही. रक्तगटांच्या अभ्यासात मुंबईचे नाव जगभर आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२मध्ये मुंबईत शोधलेला रक्तगट 'बॉम्बे' नावानेच ओळखला जातो. पुढे १९५७मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले, तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलच्या ज्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात लंडनच्या त्या रुग्णासारखीच डफीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. मग ए-बी-ओ आणि आर-एच जुळूनही दिलेल्या तांबड्या पेशी फुटतात. अशा रुग्णांना रक्त देताना डफीसह इतर गटही जुळवून पाहणे आवश्यक आहे.

लालबागेत काय करायचे?

बऱ्हाणपूरची खरी ओळख पाण्याची आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरापर्यंत आणण्यात आले. लालबागेजवळचा कुंडी भंडारा त्यातलाच. पाणी जपून वापरणाऱ्या या गावाला पाणी झाकून ठेवण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

शहरांत हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास घरगुती स्वच्छ पाण्यात वाढतो. विहीर, हौद, गच्चीवरची उघडी टाकी या त्याच्या जागा. १९११मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा तपास केला, तेव्हा मूळ विहिरींत आणि टाक्यांत सापडले आणि त्या झाकण्याचा किंवा बुजवण्याचा आग्रह त्यांनी धरला. तो उपाय आजही तितकाच खरा आहे. टाकीला घट्ट झाकण, विहिरीत गप्पी मासे, आठवड्यातून एक कोरडा दिवस आणि झोपताना मच्छरदाणी.

थंडी वाजून ताप आला तर गोळी घेण्याआधी रक्त तपासून घ्या. आशा कार्यकर्ती किंवा जवळचे सरकारी आरोग्य केंद्र ही तपासणी मोफत करते. व्हायव्हॅक्स निघाला तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन असा उपचार असतो. रक्तातले परजीवी क्लोरोक्विनने मरतात, यकृतातल्या निद्रिस्त परजीवींसाठी प्रायमाक्विन लागते. जी-६-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांना, गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गोळ्या चालू असताना लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. व्हायव्हॅक्स टिकून राहतो तो मुख्यतः इथे. २०३०पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे आपले उद्दिष्ट आहे. वारसाहक्काने मिळणारे कवच आपल्या रक्तात नाही आणि लस अजून हाती आलेली नाही. तोवर घरातल्या प्रत्येक रुग्णाला चौदाव्या दिवसाची गोळीही आठवणीने द्या.